गाडी आली आणि माणसं मरू लागली

“आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?” हा प्रश्न मी माझ्या काकीला विचारला, तेव्हा ती गवताचा भारा अंगणात टाकून नुकती ओटीवर टेकली होती. पदराने मान पुसता पुसता तिने माझ्याकडे पाहिलं. शिकून शिकून पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

“व्यायाम कुनी करायचा गो? ज्यांना काम नाय त्यांनी.”

फॉर्मवर चार चौकटी होत्या. रोज, आठवड्यातून तीनदा, कधीतरी, कधीच नाही. खाली बारीक अक्षरात सूचना होती की शेतीकाम आणि घरकाम यात धरू नये. मी ‘कधीच नाही’वर खूण केली. पुढचा प्रश्न फळांचा होता. विकत आणता का? रानातली करवंदं आणि जांभळं विकत कोण घेतं, असं तिचं म्हणणं, म्हणून तिथेही शून्य. तंबाखू खाता का? नाही. हे सांगताना तिच्या बोटाला मिश्री लागलेली होती, पण मिश्री म्हणजे दात घासणं, तंबाखू नव्हे, याबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती. मी समासात पेन्सिलीने ‘मिश्री’ लिहिलं. झऱ्यावरून दिवसाला चार खेपा पाणी आणणारी बाई त्या कागदावर बैठ्या जीवनशैलीची ठरली. मला हसू आलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी महाडच्या एका कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले आणि वर्षभरातच मुंबईच्या एका संस्थेचं काम चालून आलं. जगातले देश आरोग्यावर किती पैसा घालतात, तिथली माणसं काय खातात-पितात, किती चालतात, आणि शेवटी किती वर्षं जगतात, याचं गणित मांडणारी ती संस्था. माणूस जास्त जगतो तो दवाखाने चांगले असल्यामुळे की स्वतः नीट वागल्यामुळे, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, मी आजही म्हणते. देशादेशांच्या मोठ्या अभ्यासाला जोड म्हणून त्यांनी काही लहान भाग निवडले होते आणि त्यात पोलादपूरचा डोंगर होता. कारण संस्थेला पैसा देणाऱ्यांच्याच निधीतून आमच्या पठारावर एक फिरता दवाखाना चालायचा. गाडी येते ती गावं आणि गाडी येत नाही ती गावं, दोन्हीकडे घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, एवढं माझं काम. आपला डोंगर जगाच्या तक्त्यात जाणार म्हणून मला अभिमानच वाटला होता. माझ्या वडिलांचं घर तिथलंच, कुडपणच्या अलीकडच्या एका वाडीवर.

ती गाडी दर दुसऱ्या बुधवारी यायची. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक ड्रायव्हर. देवळासमोर उभी राहायची आणि दोन तासांत वाडी उरकायची. रक्तदाब बघायचा, साखर बघायची, पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, जखमा बांधायच्या. यापलीकडे तिथे काही होत नव्हतं. पण ज्याला खाली पोलादपूरला जायचं तर सकाळची एसटी पकडायला अर्धा डोंगर उतरावा लागतो, त्याला एवढं म्हणजे खूप झालं.

त्या गाडीची सगळ्यात जास्त वाट माझे काका बघायचे. वडिलांचे सगळ्यात धाकटे भाऊ, माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठे. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईच्या बाजारात माथाडीचं काम केलं, पोत्यांखाली मान मोडून घेतली. मग साखर निघाली, हृदय थकलं, आणि डाव्या तळव्याला एक जखम झाली ती काही केल्या भरेना. मुलाच्या खोलीत पाच माणसं, मोठ्या इस्पितळात तासन्‌तास रांग. गावाला गाडी यायला लागली हे कळल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, मला गावाला न्या. मुलाने त्यांना रेल्वेने वीर स्टेशनला आणलं, तिथून रिक्षाने महाडला माझ्याकडे. एक दिवस विसावा घेऊन जीपने वर गेले. सिस्टरने काकीला जखम धुवायला आणि बांधायला शिकवलं. दर दुसऱ्या बुधवारी ती स्वतः बघायची, मेलेली कातडी कापून काढायची आणि काकीला शाबासकी द्यायची. काका ओटीवर पाय लांब करून समोरच्या शेताकडे बघत बसायचे. मला वाटतं, उभ्या आयुष्यात त्यांना इतका निवांतपणा मिळाला नव्हता.

आमच्याकडे ही रीतच आहे. तरुणपणी मुंबईला जायचं, राबायचं, आणि दुखणं हाडात शिरलं की गावी यायचं. तिकडची खोली कामापुरती, घर म्हणजे इथलं. पूर्वी औषधांच्या काळजीने लोक शेवटच्या घटकेपर्यंत मुंबईलाच धरून राहायचे. गाडी सुरू झाली तशी ती काळजी सुटली आणि वर्षानुवर्षं कुलूप असलेली दारं उघडू लागली. अर्धांग झालेला एक वॉचमन आला. पलीकडच्या घरात कॅन्सरची शेवटची पायरी गाठलेली बाई आली. आणखी चारपाच जण आले. त्यातले काही गेलेही. असली दुखणी घेऊन आलेली माणसं जायचीच. पण आपल्या अंगणात, आपल्या माणसांत आणि कमी वेदनेत गेली. यापेक्षा त्या गाडीने आणखी काय करायला हवं होतं, हे मला कुणीतरी सांगावं.

आता माझी चूक सांगते. फॉर्मवर एक रकाना होता: या घरात किती वर्षं राहता? काकांचा फॉर्म भरताना काकीने उत्तर दिलं, “जल्मापासून.” काकांनीही मान हलवली. मी ‘जन्मापासून’ लिहिलं. वॉचमनच्या घरी तेच उत्तर, कॅन्सरच्या बाईच्या घरीही तेच. गेलेल्या माणसांच्या घरीसुद्धा तेच सांगितलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. आमच्या माणसाला तुम्ही चाळीस वर्षं मुंबईत ठेवा, तो राहतो गावातच, असंच तो मानतो आणि त्याच्या घरचेही मानतात. मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेली बाई, मला तिथे थांबून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मीही त्याच मातीतली, मला ते उत्तर अगदी बरोबर वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक झाली. मुंबईहून साहेब आले होते. तरुण, नम्र, प्रत्येक वाक्यात मला मॅडम म्हणणारे. आधी पडद्यावर देश आले. प्रत्येक देशाचा एक ठिपका, आडव्या रेषेवर खर्च, उभ्या रेषेवर आयुष्य. ठिपके सुरुवातीला भराभर वर चढत होते आणि मग सपाट होत होते. साहेब म्हणाले, एका मर्यादेनंतर पैसा ओतून उपयोग नसतो, तिथून पुढे माणसाच्या सवयी ठरवतात. श्रीमंत देशांच्या बाबतीत ते खरं असेलही. मग पडद्यावर आमचा डोंगर आला.

गाडी येणाऱ्या गावांत मृत्यू जास्त. गाडी न येणाऱ्या गावांत कमी. आणि गाडीच्या गावांत ती सुरू झाल्यापासून मृत्यू वाढतच गेलेले. शेजारी जीवनशैलीचा तक्ता: व्यायाम नाही, फळं नाहीत. साहेबांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून निष्कर्ष वाचला. आरोग्यावरच्या खर्चाचा या भागात सकारात्मक परिणाम आढळला नाही. खरी अडचण सवयींची आहे. त्यामुळे गाडी बंद करून तोच निधी जनजागृतीसाठी वापरावा. गावोगाव फलक लावायचे. एका फलकाचा नमुनाही तयार होता. त्यावर बूट घातलेला एक हसरा माणूस होता आणि खाली लिहिलं होतं, ‘रोज अर्धा तास चाला.’

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या पठारावर चाला! तिथे माणसं दुसरं करतात काय? मीठ संपलं तरी चालतात, पोराला दाखला हवा तरी चालतात, एसटी चुकली तर तालुक्यापर्यंत चालतात. चालून चालून ज्यांचे गुडघे गेले, त्यांना हा बुटातला माणूस शिकवणार!

मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, गाडीमुळे माणसं मेली नाहीत, मरायला टेकलेली माणसं गाडीमुळे गावात आली. त्यांची दुखणी मुंबईतली, त्यांनी राबून मोठं केलं तेही मुंबईलाच, फक्त शेवट इथे झाला. महाडच्या एसटी डेपोत सगळ्यात जास्त माणसं गाव सोडून निघालेली दिसतात, म्हणून डेपोच त्यांना गावातून हाकलतो, असं म्हणाल का?

दोघेतिघे हसले. साहेब हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण बाहेरून आलेली माणसं आम्ही वेगळी काढलीच आहेत. किती वर्षं राहतात हा रकाना त्यासाठीच होता. या गावांत बाहेरून आलेलं कुणीच नाही. सगळे जन्मापासून तिथलेच आहेत.”

आणि त्यांनी पडद्यावर माझेच फॉर्म उघडले. माझं अक्षर, माझी सही. निदान समासात मी ‘मिश्री’ वगैरे लिहिलंय ते तरी वाचा, असं मी म्हटलं, तर समासातलं कॉम्प्युटरमध्ये भरत नाहीत म्हणे. इतकी वर्षं मुलांना फळ्यावर शिकवत आले की आकड्यामागे माणूस कोण आहे ते आधी विचारा, आणि स्वतः मात्र विचारलं नव्हतं. संताप त्यांचा आला त्याहून जास्त स्वतःचा आला.

दुसऱ्याच दिवशी कोरे फॉर्म घेऊन मी वर गेले. चार दिवस घर न् घर फिरले. ‘मुंबईत किती वर्षं काढली?’ असं सरळ विचारलं तर लोक सांगत होते. अडचण आली ती आमच्याच घरात.

“कुठलं लिवतेस ह्यांना?” काकीने विचारलं.

“मुंबईचे. चाळीस वर्षं मुंबईत राहिले, दोन वर्षांपूर्वी आजारपणात इथे आले, असं.”

तिने हातातलं भांडं दाणकन आपटलं. “चाळीस वर्स तिकडं हमाली केली म्हनून तिकडचं झाले काय? घर हितं, देव हितं. माज्या नवऱ्याला बाहेरचा लिवायला आलीस होय गो तू? तुज्या बापाच्या घरात बसून?”

“काकी, अगं गाडी बंद होईल.”

“होऊं दे. कागदावर म्हनं मुंबईचं!”

काका भिंतीला टेकून ऐकत होते. ते हसायला लागले. “लिही गो, तू लिही. गाडी येनार असंल तर मला अमेरिकेचा लिही. माजा पाय बांधायला सिस्टर आली पायजे, बस.” मग काकीकडे बघून हळूच म्हणाले, “मी कुठला हाय ते मला ठावं हाय. मला हितनं हलवायचं नाय, येवढंच.”

मी ‘मुंबई, चाळीस वर्षं’ लिहिलं. काकी उठून आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

नवे फॉर्म पाठवले, सोबत पाच पानांचं पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. या फेरीची माहिती आता बंद झाली आहे, पुढच्या फेरीत आपल्या सूचनेचा अवश्य विचार होईल. पुढच्या फेरीत! जखमेला फेरी कळते का? होळीनंतर गाडी बंद झाली. शेवटच्या बुधवारी सिस्टरने उरलेल्या पट्ट्यांचं सगळं गाठोडं काकीच्या ओटीवर ठेवलं आणि रडली. तिलाही आदल्या दिवशी फोनवरच कळलं होतं.

मी काकांना महाडला माझ्याकडे आणलं. पंधरा दिवस राहिले. पुराच्या भीतीने आमच्या तळ्यामागच्या गल्लीत सगळे वरच्या मजल्यावर राहतात, तशीच मीही. जिना उतरता येत नाही, खिडकीतून समोरच्याची भिंत दिसते. “हितं ऱ्हायचं तर मुंबय काय वायट व्हती?” म्हणाले आणि हट्टाने परत वर गेले. दोनदा चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना देवळापाशी उभ्या जीपपर्यंत उतरवलं आणि महाडला दवाखान्यात आणलं. तिसऱ्यांदा पाऊस लागला होता, घाटात दरड आली होती, जीप निघालीच नाही. रस्ता मोकळा होईस्तोवर पायाची बोटं काळी पडली होती.

मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला. त्याचा काही दोष नाही, त्याच्या जागी मी असते तर मीही नेलं असतं. जखम बांधायला म्हणून काकीही दाराला कुलूप घालून गेली. पलीकडच्या घरातल्या बाईलाही तिच्या लेकीने त्याच आठवड्यात नेलं. काकांचा पाय गुडघ्याखाली कापला. ते रोज काकीला विचारायचे, गावाला कधी जायचं? ती म्हणायची, येत्या बुधवारी. श्रावणात ते इस्पितळातच गेले, एका खोलीत आणखी तीस-चाळीस माणसं असताना. जाळलंही तिकडेच. गावात आले ते फक्त दिवस घालायला नातेवाईक, आणि काकी.

दिवाळीनंतर संस्थेचा मेल आला. पुढची फेरी झाली होती. ती कुणी भरली कोण जाणे, मला बोलावलं नव्हतं. मेलमध्ये आनंदाची बातमी होती. गाडी बंद करून फलक लावल्यानंतर त्या गावांतले मृत्यू लक्षणीय घटले आहेत. सवयी बदलल्या की आरोग्य सुधारतं हे यातून ठळकपणे पुढे येतं. आणि मॅडम, आपण स्थानिक आहात, तर फलकाजवळ उभ्या असलेल्या एखाद्या ज्येष्ठ महिलेच्या फोटोसह एक छोटी यशोगाथा लिहून द्याल का?

मी ते तीनदा वाचलं. माझ्या काकांना मरण मुंबईत आलं, म्हणून आमची वाडी निरोगी झाली! बाजारात राबले तेव्हा ते मुंबईचे नव्हते, गावी आले तेव्हा जन्मापासून गावचे, आणि मेले तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण ते आता यांच्या तक्त्यातच नव्हते. मी उत्तरात जे लिहिलं ते सभ्य नव्हतं. त्याला अजून उत्तर नाही, आणि मला त्यांचं काम पुन्हा मिळणार नाही हे उघड आहे. न मिळो.

त्या रविवारी वर गेले. काकी एकटीच अंगणात नाचणीची कणसं बडवत होती. लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून मी मेल तिला साध्या भाषेत वाचून दाखवला. ती बडवायची थांबली.

“मंजे गाव सुधारला म्हन की.”

मी फोन पर्समध्ये ठेवला.

“आता मरायला ठेवलाय कोन हितं? ह्यांना न्हेलं. पलीकडलीला न्हेलं. वाडीत सात दारांना कुलपं हायत. मी हाय एकटी. मी मेले की परत वाढंल तुमचा आकडा.”

तिने ‘तुमचा’ म्हटलं आणि मी ते ऐकून घेतलं. ती पुन्हा कणसांकडे वळली. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “फारम घिऊन आलीस तर मला मुंबयची लिही. दीड मयना काढलाय मी तिकडं. माजं काय जातंय? दुसऱ्या कुनासाठी तरी गाडी येंल.”